भरल्या ताटावर उपाशी पेशी: ‘तीन पालकांच्या बाळां’मागचे जीवशास्त्र

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील डॉक्टरांनी आणि संशोधकांनी आठ बाळांची माहिती प्रसिद्ध केली. चार मुली आणि चार मुलगे, त्यांत एक एकसारखी जुळी जोडी. या बाळांची नाकडोळ्यांची ठेवण, रंग, उंची हे सगळे त्यांच्या आईवडिलांकडूनच आलेले असेल. तरीही प्रत्येक बाळाच्या पेशींत एका तिसऱ्या, अनोळखी स्त्रीकडून आलेला थोडासा डीएनए आहे. बातम्यांनी त्यांना ‘तीन पालकांची बाळे’ म्हटले आणि अनेक वाचकांच्या मनात स्वाभाविकपणे एकच प्रश्न उभा राहिला, की मुळात असे काही करण्याची गरज का पडली आणि त्या तिसऱ्या स्त्रीकडून नेमके घेतले तरी काय?

घेतली ती पेशीला ऊर्जा पुरवणारी व्यवस्था. ही व्यवस्था बिघडलेल्या मुलाला दूध पाजता येते, भात भरवता येतो, अन्न पचते आणि रक्तात साखरही पोचते, पण त्या साखरेतली ऊर्जा पेशीला पुरेशी वापरता येत नाही. ताट भरलेले आणि पेशी उपाशी, अशी ही अवस्था असते. ती समजून घ्यायची, तर पेशीला ऊर्जा कशी मिळते हे आधी पाहावे लागेल. शाळेत आपण ते एका ओळीत पाठ केले होते, परंतु त्या ओळीत जे दडलेले आहे ते जीवशास्त्रातील अत्यंत सुंदर प्रकरणांपैकी एक आहे असे मला मनापासून वाटते.

अन्न मिळणे आणि ऊर्जा मिळणे

किलोभर मटकी रात्रभर भिजवून, पाणी निथळून, ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी मोड फुटू लागले की त्या गाठोड्याच्या मध्यभागी हात घालून पाहावा. आतली मटकी कोमट लागते. गाठोडे उन्हात नव्हते, चुलीपाशी नव्हते, पाणीही गार होते. मग ही ऊब कुठून आली? कोरड्या दाण्यात साठवलेले पिष्ट, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब माळ, पाणी मिळताच सुटू लागते. दाण्यातील जिवंत पेशी त्या साखरेचे हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने विघटन करतात, त्यातील काही ऊर्जा मोड वाढवण्यासाठी वापरतात आणि उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. फडके फार घट्ट असेल आणि हवाच पोचली नाही, तर मटकीला मोडांऐवजी आंबूस वास येतो. का, ते पुढे येईलच.

आपल्या शरीरातही हेच अखंड चाललेले असते. दिवसाला सुमारे दोन हजार किलोकॅलरी अन्न घेणारा माणूस सरासरी शंभर वॅटच्या दिव्याइतक्या दराने ऊर्जा खर्च करतो, अगदी झोपेतही थोड्या कमी दराने करतच असतो. हा खर्च ‘शरीर’ नावाची कोणी एक वस्तू करत नाही. माणसाच्या शरीरात सुमारे तीस ते सदतीस लाख कोटी पेशी असतात, आणि पेशी म्हणजे पातळ पटलाने वेढलेला असा सर्वांत लहान घटक, की ज्याला स्वतंत्रपणे ‘जिवंत’ म्हणता येते. प्रत्येक पेशीला स्वतःची ऊर्जा स्वतःच तयार करावी लागते. एका पेशीने तयार केलेली ऊर्जा शेजारच्या पेशीला उसनी देता येत नाही. रक्त फक्त कच्चा माल पोचवते. पोट आणि फुप्फुसे हे मालाचे रस्ते आहेत, खरा कारखाना पेशीच्या आत आहे.

पाचशेची नोट आणि सुटे पैसे

पेशीची कामे बारीकसारीक असतात. एखादा क्षार पटलाबाहेर ढकलणे, एखाद्या प्रथिनाच्या साखळीत एक कडी जोडणे, स्नायूतील एक धागा किंचित ओढणे. अशा एका कामाला लागणारी ऊर्जा फार थोडी असते आणि साखरेच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, एका रेणूत तिच्या कित्येक पट ऊर्जा असते. रिक्षाचे पंचवीस रुपये द्यायला पाचशेची नोट पुढे करावी तशी ही अडचण आहे. म्हणून पेशी आधी ती नोट मोडून घेते आणि तिचे सुटे पैसे म्हणजे एटीपी. अॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट असे त्याचे पूर्ण नाव. त्याच्या शेपटीला फॉस्फेटचे तीन गट एकापुढे एक जोडलेले असतात; टोकाचा गट सुटला की ऊर्जा मिळते आणि उरतो तो दोन फॉस्फेटांचा एडीपी.

या रेणूचा शोध १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोहमान यांनी लावला आणि त्याच सुमारास अमेरिकेत सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करणाऱ्या आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही तो स्वतंत्रपणे लावला. सुब्बाराव आंध्रातील भीमवरमचे. त्यांचे नाव आपल्याकडे जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही, म्हणून ते इथे मुद्दाम सांगितले.

सुट्या पैशांची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. नाणे खर्च झाले की दुसऱ्याकडे जाते. एटीपी मात्र खर्च होऊन पेशीतच एडीपी होऊन पडून राहतो आणि त्याला पुन्हा फॉस्फेट जोडून ‘भरावे’ लागते. कोणत्याही क्षणी आपल्या संपूर्ण शरीरात मिळून फार तर मूठभर एटीपी असतो, पण दिवसभरात जितका एटीपी वापरला आणि पुन्हा भरला जातो त्याचे एकूण वजन जवळजवळ आपल्या स्वतःच्या वजनाइतके भरते. म्हणजे एकच रेणू दिवसातून शेकडो वेळा रिकामा होतो आणि भरला जातो. साठा जवळपास नाहीच, सारा व्यवहार रोजच्या कमाईवर. त्यामुळे भरण्याचे काम काही मिनिटे थांबले, तरी मेंदूसारख्या खर्चिक अवयवातील पेशी मरू लागतात. श्वास कोंडला की जीव जातो, तो यामुळे.

साखर फुटते ती दोन टप्प्यांत

ग्लुकोज विस्तवात टाकले तर ते एकदम जळते आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन निसटते. पेशी हेच काम एकेक पायरी उतरत करते. प्रत्येक पायरीवर एक विशिष्ट विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, आपापला वाटा उचलते. ही क्रिया निव्वळ रसायनशास्त्राची आहे, तिला एखाद्या गूढ जीवनशक्तीची गरज नाही, हे १८९७ मध्ये एडुआर्ड बुख्नर यांनी दाखवले. त्यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर रगडून, त्यांचा रस पिळून काढला आणि त्या निर्जीव रसात साखर टाकली. तरीही ती आंबली.

पहिला टप्पा पेशीच्या आतल्या द्रवात घडतो. ग्लुकोजचा सहा कार्बनांचा रेणू मधोमध फुटून तीन कार्बनांचे दोन तुकडे होतात आणि पेशीच्या पदरात निव्वळ दोन एटीपी पडतात. या टप्प्याला ऑक्सिजन लागत नाही. ऑक्सिजन नसेल तर गाडी इथेच थांबते: आपल्या स्नायूंत त्या तुकड्यांचे लॅक्टिक आम्ल होते, यीस्टमध्ये अल्कोहोल होते, आणि घट्ट बांधलेल्या मटकीत किंवा आंबोळीच्या पिठात सूक्ष्मजीव त्याची आम्ले आणि वायू करतात. फडक्यातून येणारा आंबूस वास तो हाच.

इथे एक रूढ समज दुरुस्त करायला हवा. गड चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात, त्याचे खापर आपण साठून राहिलेल्या लॅक्टिक आम्लावर फोडतो. प्रत्यक्षात ते विश्रांती घेतल्यावर साधारण तासाभरात रक्तातून नाहीसे होते. हृदय आणि यकृत त्याचा उपयोगही करून घेतात. दुसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या सूक्ष्म इजांचे असते. लॅक्टिक आम्लाची ही गोष्ट मात्र लक्षात ठेवावी, कारण आजाराच्या निदानात ते पुन्हा भेटणार आहे.

ऑक्सिजन असेल तर दुसरा टप्पा सुरू होतो आणि तो घडतो तंतुकणिकेत. मायटोकॉन्ड्रिया या नावाने अनेकांना परिचित असलेली ही पेशीतील दुहेरी पटलाची सूक्ष्म पिशवी; तिचे आतले पटल घड्या घातलेल्या धोतरासारखे दुमडलेले असते. तिथे ते तीन कार्बनांचे तुकडे आणखी फोडले जातात, त्यांतील कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, आणि हायड्रोजन मात्र जपून बाजूला काढून ठेवला जातो. क्रियांचा हा फेरा हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये शोधला आणि तो क्रेब्ज चक्र म्हणून ओळखला जातो. त्यातील रेणूंची नावे विद्यार्थ्यांना छळतात. आपल्याला इथे एवढेच पुरे, की खरी संपत्ती त्या हायड्रोजनमध्ये आणि त्याच्या इलेक्ट्रॉनमध्ये आहे.

हातोहात जाणारी घमेली

घराचा स्लॅब पडताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर एक दृश्य असेल. खाली मिक्सर, वर स्लॅब, आणि मध्ये शिडीवर ओळीने उभे राहिलेले मजूर. भरलेले घमेले एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, कोणी जागचा हलत नाही, तरी माल चालत राहतो. शेवटच्या माणसाने घमेले रिकामे करून हात मोकळे केले, तरच त्याच्या अलीकडचा माणूस पुढचे घमेले देऊ शकतो. शेवटचा माणूस थांबला की क्षणात सगळी ओळ भरल्या घमेल्यांनिशी जागच्या जागी खिळते.

तंतुकणिकेच्या आतल्या पटलात प्रथिनांची अशीच ओळ बसवलेली असते आणि घमेल्यांच्या जागी इलेक्ट्रॉन असतात. हायड्रोजनमधून काढलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे दिले जातात आणि ओळीच्या शेवटी त्यांना घ्यायला उभा असतो ऑक्सिजन. तो इलेक्ट्रॉन घेतो, सोबत हायड्रोजन घेतो आणि पाणी होतो. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजनच कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासात बाहेर पडतो, असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. बाहेर पडणाऱ्या वायूतील कार्बन भाकरीचा असतो आणि त्याला जोडलेला ऑक्सिजन अन्नातून व पाण्यातून आलेला असतो. श्वासातल्या ऑक्सिजनचे शरीरातच पाणी होते.

सायनाइड हे विष इतके जलद का मारते, तेही या ओळीवरून कळते. ते ओळीतील शेवटच्या प्रथिनाला चिकटून बसते, त्यामुळे ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देता येत नाहीत. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण तो घेण्यासाठी हातच मोकळे नसतात.

पोफळीच्या वीजघराप्रमाणे

आता सर्वांत कठीण प्रश्न येतो. इलेक्ट्रॉन ओळीतून खाली उतरले, पण त्यापासून एटीपी कसा बनला? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ सगळे जीवरसायनशास्त्रज्ञ या दोन घटनांना जोडणारा एखादा मधला रासायनिक पदार्थ शोधत होते. तो कोणालाच सापडत नव्हता. १९६१ मध्ये पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने असे मांडले, की तो सापडत नाही, कारण तो नाहीच. मधला दुवा पदार्थाचा नसून चढउताराचा आहे.

हे समजायला कोयनेकडे पाहावे. कोयना धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यातून घाटाखाली चिपळूण तालुक्यातील पोफळीच्या वीजघरात सोडले जाते आणि त्याच्या जोरावर टर्बाइन फिरतात. वीज पाण्यात नसते. ती वरच्या आणि खालच्या पातळीतील फरकातून मिळते. तंतुकणिकेतही प्रथिनांची ती ओळ इलेक्ट्रॉन पुढे देताना मिळणारी ऊर्जा वापरून प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले हायड्रोजनचे कण, आतल्या पटलाच्या पलीकडे उपसत राहते. पलीकडे त्यांची दाटी होते, अलीकडे टंचाई. पटल इतके पातळ असते, की त्याच्या दोन बाजूंतील विजेचा ताण मीटरच्या हिशोबात मांडला तर सुमारे तीन कोटी व्होल्ट भरतो. कोरड्या हवेतून ठिणगी उडायला मीटरला सुमारे तीस लाख व्होल्ट पुरतात, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीत केवढा बांध घातलेला आहे याची कल्पना येते.

प्रोटॉनना परत यायला एकच मोठी वाट असते आणि त्या वाटेवर एटीपी सिंथेज नावाचे यंत्र बसवलेले असते. ‘यंत्र’ हा शब्द मी उपमा म्हणून वापरलेला नाही. प्रोटॉन आत शिरताना या प्रथिनाचा एक भाग खरोखर गोल फिरतो, सेकंदाला शंभराहून अधिक फेऱ्या घेऊ शकतो आणि प्रत्येक फेरीत तीन एटीपी तयार करून देतो. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी या फिरत्या भागाला एक चमकणारा धागा जोडला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना प्रत्यक्ष पाहिला. एका ग्लुकोजमागे पहिल्या टप्प्यात दोनच एटीपी मिळाले होते. दोन्ही टप्पे पूर्ण झाले, की एकूण सुमारे तीस ते बत्तीस मिळतात. तंतुकणिका नसती, तर इतका मोठा मेंदू पोसणे आपल्याला परवडलेच नसते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी सुमारे वीस टक्के ऊर्जा घेतो.

मिचेल यांचे म्हणणे मान्य व्हायला पंधराएक वर्षे लागली. प्रकृतीच्या कारणाने त्यांनी एडिंबरा विद्यापीठ सोडले, कॉर्नवॉलमधील एक जुने पडके घर दुरुस्त करून तिथेच छोटी प्रयोगशाळा उभारली आणि जेनिफर मॉयल यांच्यासोबत पुरावे गोळा केले. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

बांधाला छिद्र पडले तर काय होईल, याचे उत्तर इतिहासात आहे आणि ते दुःखद आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल हे रसायन हाताळणारे कामगार रोडावत, घामाने निथळत आणि काही जण तापाने फणफणून मरत. १९३० च्या दशकात अमेरिकेत हेच रसायन वजन उतरवण्याचे औषध म्हणून विकले गेले आणि मृत्यू झाल्यावर १९३८ मध्ये त्यावर बंदी आली. हे रसायन प्रोटॉनना टर्बाइन टाळून पटलातून परस्पर परत आणते. उपसा चालू, अन्न जळते आहे, एटीपी मात्र बनत नाही. सगळी ऊर्जा उष्णता होऊन शरीर आतून तापते. आजही ‘चरबी जाळणाऱ्या’ गोळ्यांच्या नावाखाली ते चोरून विकले जाते, म्हणून इतक्या स्पष्टपणे सांगतो आहे: त्यावर उतारा नाही.

निसर्ग हाच मार्ग बेताने वापरतो. तान्ह्या बाळाला नीट कुडकुडता येत नाही. त्याच्या पाठीवर, खांद्यांच्या पात्यांदरम्यान, तपकिरी चरबी असते आणि तिच्यातील तंतुकणिकांत एक खास प्रथिन प्रोटॉनसाठी छोटासा दरवाजा उघडते. बाळ त्यावर उबदार राहते.

पेशीत राहायला आलेला जीव

तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो, हे १९६३ मध्ये कळले. पेशीच्या केंद्रकात, जिथे आपला मुख्य डीएनए असतो, तिथे प्रथिने बनवणारी सुमारे वीस हजार जनुके आहेत. तंतुकणिकेतील डीएनए मात्र छोट्या बांगडीसारखा गोल असतो आणि त्यात जनुके अवघी सदतीस. बांगडीसारखा डीएनए जिवाणूंत आढळतो. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी प्रभावीपणे मांडले, की तंतुकणिका हे मूळचे स्वतंत्र जिवाणूच होते. दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी त्यांपैकी एक दुसऱ्या पेशीत शिरला, पचला नाही आणि तिथेच नांदू लागला. हा विचार अनेक नियतकालिकांनी नाकारला होता. आज तो पाठ्यपुस्तकात आहे.

त्या जिवाणूची बहुतेक जनुके कालांतराने नष्ट झाली किंवा केंद्रकात गेली. उरलेल्या सदतीसपैकी तेरा जनुके प्रथिने बनवतात आणि ती तेराही घमेल्यांच्या त्या ओळीत व टर्बाइनमध्ये बसतात. बाकीची चोवीस ही प्रथिने जागेवर बांधण्याच्या कामी येतात. ही जनुके रंग, उंची किंवा स्वभाव ठरवत नाहीत. त्यांचे सारे काम ऊर्जेचे.

आई निरोगी, मूल आजारी: हे कसे?

तंतुकणिका फक्त आईकडून येतात. स्त्रीबीजात त्यांच्या डीएनएच्या लाखभर प्रती असतात. शुक्राणूत मोजक्याच असतात आणि फलनानंतर त्या नष्ट केल्या जातात. म्हणून त्यातील दोषही आईकडूनच येतो, मुलगा असो वा मुलगी. घरात आजारी मूल जन्मले की सुनेला दोष देण्याची आपल्याकडची रीत पाहता हे वाक्य लिहिताना जड वाटते. ज्या स्त्रीला हा दोष तिच्या आईकडून नकळत मिळाला, तिने काहीही चुकीचे केलेले नसते.

आई स्वतः निरोगी का असते, हे पोत्यातील तांदळावरून समजेल. पोत्यात थोडे खडे आहेत. सगळा भात शिजवला तर एखादा दाताखाली येईल, इतकेच. पण त्यातून एक लहान मूठ काढली, तर एका मुठीत खडे अजिबात येणार नाहीत आणि दुसरीत नेमके बरेच येतील. आईच्या शरीरात चांगल्या आणि सदोष अशा दोन्ही प्रती मिसळलेल्या असतात. स्त्रीबीजे तयार होताना सुरुवातीला त्यांतील थोड्याच प्रती पुढे जातात आणि त्यांचीच पुढे लाखभर होते. त्यामुळे एकाच आईचे एक मूल ठणठणीत आणि दुसरे गंभीर आजारी असू शकते. सदोष प्रतींचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे, अनेक दोषांत ऐंशी टक्क्यांच्या आसपास, गेले की आजार उमटतो. सुमारे पाच हजार बाळांमागे एकाला तंतुकणिकेचा विकार असतो. ज्या अवयवांचा खर्च मोठा, त्यांना आधी फटका बसतो: मेंदू, हृदय, स्नायू, डोळे. झटके येतात, स्नायू लुळे पडतात, दृष्टी जाते, आणि काही बाळे जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावतात.

मग ग्लुकोज किंवा टॉनिक देऊन भागणार नाही का?

अशक्तपणा म्हटला की ग्लुकोजचे पाणी, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. इथे मात्र कच्चा माल कमी पडलेलाच नाही. ओळ अडली असताना खालून आणखी घमेली भरून उपयोग नसतो, ती तुंबतात. पेशी मग नाइलाजाने पहिल्या टप्प्यावर गुजराण करते आणि पुरेसा ऑक्सिजन असूनही लॅक्टिक आम्ल साठत जाते. अशा मुलांच्या रक्तात ते वाढलेले आढळले, की डॉक्टरांचा संशय या दिशेने वळतो. काही विशिष्ट विकारांत काही औषधे आणि जीवनसत्त्वे थोडी मदत करतात, ती तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. परंतु बहुतेक विकारांवर मुळापासून बरे करणारा उपाय आज नाही. म्हणूनच दोष पुढच्या पिढीत जाऊ न देण्याचा मार्ग शोधला गेला.

न्यूकॅसलमध्ये काय केले?

आईचे स्त्रीबीज आणि निरोगी दात्या स्त्रीचे स्त्रीबीज, दोन्ही प्रयोगशाळेत वडिलांच्या शुक्राणूंनी फलित करतात. फलनानंतर काही तास आईचा आणि वडिलांचा केंद्रकीय डीएनए बीजात दोन वेगळ्या गोळ्यांच्या रूपात दिसतो. आईच्या बीजातून हे दोन गोळे अलगद उचलतात आणि दात्या स्त्रीच्या अशा बीजात ठेवतात, ज्यातून तिथले गोळे आधीच काढून टाकलेले असतात. आता घर दात्रीचे आणि घरात राहणारे आईवडिलांचे, असे बीज तयार होते आणि ते आईच्या गर्भाशयात रुजवतात. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहाने ३ फेब्रुवारी २०१५ रोजी ३८२ विरुद्ध १२८ मतांनी याला मंजुरी दिली होती. त्या दिवसापासून या आठ बाळांच्या वृत्तान्तापर्यंत दहा वर्षे गेली, आणि ही सावकाशी मला योग्यच वाटते.

म्हणजे मूल तिघांचे झाले ना?

हिशोब केला तर दात्रीचा वाटा एकूण डीएनएच्या सुमारे एक दशांश टक्का भरतो आणि तोही फक्त ऊर्जेच्या कामाचा. दात्रीचे नाक, बुद्धी किंवा गळा मुलात उतरत नाही, आणि ब्रिटनचा कायदा तिला पालक मानत नाही. ‘तीन पालक’ हा शब्दप्रयोग म्हणून दिशाभूल करणारा आहे. मात्र हे रक्तदानासारखेच आहे, असे म्हणणेही खरे नव्हे. दान केलेले रक्त काही महिन्यांत संपते. हा बदल मुलीच्या स्त्रीबीजांतून तिच्या मुलांपर्यंत जातो. याच कारणाने २०१६ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने सुरुवातीला केवळ मुलग्यांचे भ्रूण वापरावेत, अशी शिफारस केली होती. ब्रिटनने तशी अट घातली नाही. ज्यांच्या मते फलित बीज हाच पूर्ण जीव आहे, त्यांचा दात्रीचे फलित बीज वापरण्यालाच विरोध आहे; तो श्रद्धेचा आणि मूल्यांचा प्रश्न आहे, जीवशास्त्र त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

दुसऱ्याचे स्त्रीबीज सरळ वापरून निरोगी मूल होऊ शकते, मग एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. तो मार्ग खुला आहे आणि अनेक जोडप्यांनी तो निवडावाही. पण मग आईशी केंद्रकीय डीएनएचे नाते राहत नाही. त्या नात्याची ओढ किती मोलाची, हे बाहेरच्याने ठरवू नये.

सगळा दोष निघून जातो का?

रोप एका कुंडीतून काढून दुसरीत लावताना मुळांना थोडी जुनी माती चिकटून येतेच. ते दोन गोळे उचलतानाही आईच्या काही तंतुकणिका सोबत येतात. आठपैकी पाच बाळांत सदोष डीएनए आढळला नाही. तिघांत तो आढळला, पण वीस टक्क्यांच्या आत, म्हणजे आजाराच्या मर्यादेपेक्षा बराच खाली. चिकटून आलेला हा अंश वयानुसार वाढू शकतो का, हे पाहण्यासाठी मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागणार आहे.

आणखी एक मर्यादा बातम्यांत हरवली. तंतुकणिकेला एक हजाराहून अधिक प्रथिने लागतात आणि त्यांपैकी तेरा सोडून बाकी सर्वांची जनुके केंद्रकात असतात. लहान मुलांतील तंतुकणिकेचे अनेक विकार या केंद्रकीय जनुकांच्या दोषांमुळे होतात. ते आई आणि वडील दोघांकडूनही येऊ शकतात. अशा कुटुंबांना बीजाचे घर बदलून काहीच मिळणार नाही, कारण दोष राहणाऱ्यांबरोबरच नव्या घरात येतो. त्यामुळे घरात असा आजार असेल, तर दोष नेमका कोणत्या डीएनएत आहे हे जनुकीय तपासणीने ठरवणे, ही पहिली पायरी आहे.

वृत्तान्त प्रसिद्ध झाला तेव्हा आठांपैकी सर्वांत मोठे मूल दोन वर्षांहून थोडे मोठे होते आणि सर्वांत लहान अवघ्या काही महिन्यांचे होते. त्यांच्या वाढीचे टप्पे वेळेवर होत होते. त्यांतील चार मुलींची स्त्रीबीजे आईच्या पोटात असतानाच तयार झालेली आहेत. त्या बीजांत दात्रीच्या तंतुकणिका आहेत आणि कदाचित कुठे आईच्या सदोष प्रतींचा चिकटून आलेला एखादा अंशही. पोत्यातून मूठ काढली गेली आहे; त्या मुठीत काय आले, हे त्या मुली मोठ्या होऊन स्वतः आई होतील तेव्हा कळेल.